इंद्रायणी भाताला कोंबडीखत टाकलं तर युरिया-डीएपी किती कमी करायचं? (नवापूर भाग)

रंगावली_काठ
नमस्कार मंडळी. नवापूर तालुक्यातून लिहितोय. नाल्याच्या अंगाला आमचं दोन एकर भातखाचर आहे, जमीन काळी-भुरकट, पाणी चांगलं धरते, आणि बरीच वर्षं इंद्रायणीच लावतो. आधी घरी जनावरं भरपूर होती तेव्हा उकिरडा मोठा असायचा, आता एक बैलजोडी आणि एक गाय एवढंच राहिलंय, त्यामुळे दोन एकराला मिळून दोन ट्रॉली शेणखत निघालं तरी खूप. आमच्याकडे पोल्ट्री शेड किती आहेत ते सगळ्यांना माहितीच आहे, ब्रॉयलरचं तुसावरचं खत जवळच मिळतं म्हणून यंदा एकरी टनभर घ्यायचा विचार आहे.

प्रश्न असा की घरात दोन मतं पडलीत. वडील म्हणतात खत कितीबी टाक पण एकरी एक गोणी डीएपी (नायट्रोजन-फॉस्फरसचं खत) आणि दीड-दोन गोणी युरिया नेहमीसारखा द्यायचाच, नाहीतर भात पिवळा पडतो. चुलतभाऊ म्हणतो एकदा कोंबडीखत पडलं की पोत्याला हात लावायचा नाही. आणि बांधाशेजारच्या काकांनी गेल्या खरिपात दोन्ही पूर्ण टाकलं, त्यांचा भात गुडघ्याच्या वर गेला तोवर बघत राहावंसं वाटत होतं, काळाकुट्ट हिरवा, आणि मग लोंबी पोटरीतून (पानाच्या आवरणातून) बाहेर पडता पडता मानमोडी (लोंबीच्या मानेवरचा करपा रोग) आली, शेवटच्या पावसात निम्मा आडवा झाला, लोंब्या पाण्यात. ते बघून मला झोप लागत नाही खरं सांगतो. दोन एकरच आहे, त्याच्यावर घरचा वर्षाचा तांदूळ आणि थोडा विकायला.

तर नेमकं किती कमी करायचं, कोंबडीखत कधी टाकायचं आणि युरिया त्याच्यातच कालवून टाकला तर चालतो का, जाणकारांनी सांगा. अनुभव असेल तर जास्त चांगलं.

पिंपळनेर_पश्चिम_पट्टा
दादा, आमच्याकडे साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात पण आता हेच चाललंय, जनावरं कमी झाली आणि कोंबडीखताच्या गाड्या वाढल्या. तुझ्या शेजारच्या काकांचं जे झालं त्याचं कारण सरळ आहे, त्यांनी कोंबडीखताला शेणखतासारखं धरलं. शेणखत हळू असतं, जास्त पडलं तरी पिकाला ठोसा बसत नाही. कोंबडीखत तसं नाही, त्यात नत्र (नायट्रोजन) चार-पाच पट आणि ते लवकर सुटतं, म्हणजे ते निम्मं पोत्यातलंच खत आहे असं समजून हिशोब करायला पायजे.

हिशोब मी मांडून दाखवतो, कागद घेऊन बस. भाताची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश). एकराला आलं ४०, २०, २०. आता तुझं शेणखत एकरी एक ट्रॉली म्हणजे साधारण दोन टन धर. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे दोन टनात १० किलो, पण पहिल्या हंगामात त्यातलं तिसरा हिस्साच पिकाला मिळतं, बाकी जमिनीत राहतं. म्हणजे ३-४ किलो धर. कोंबडीखत एक टन, तुसावरचं आणि कुजवलेलं असेल तर नत्र दोन ते अडीच टक्के, म्हणजे २०-२५ किलो, त्यातलं निम्मं याच हंगामात मिळणार, १० ते १२ किलो. दोन्ही मिळून १५ च्या आसपास झालं. ४० मधून १५ गेले, राहिले २५. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. म्हणजे एकराला एक गोणी आणि वर थोडा, एवढाच युरिया लागतो. मी तर एक गोणीवरच थांबेन, वरचा थोडा सोडून देईन, कारण इंद्रायणीला नत्र कमी पडलं तर दोन पोती कमी येतील पण जास्त झालं तर तुमच्या काकांसारखं सगळंच आडवं.

डीएपी यंदा नकोच. कोंबडीखतात स्फुरद भरपूर असतं, टनाला २० किलोच्या वर जातं, तुझी एकराची गरज तिथेच भागली. १३५० ची गोणी वाचली ती वेगळीच. पोटॅशचं बघ, शेणखत आणि कोंबडीखत मिळून बऱ्यापैकी मिळतं, तरी लोळण्याची भीती आहे म्हणून एकरी १५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश मी टाकतोच, काडी ताठ राहते.

आणि खत ताजं आणू नको रे भो. शेडमधून काढलेलं गरम खत डायरेक्ट खाचरात ओतलं तर रोपं जळतात. आधी ढीग लाव, पाणी शिंपड, वर पाचट नाहीतर माती झाक, दोन महिने राहू दे, मधे एकदा पलटी मार. तयार झालंय का ते बघायला लोखंडी सळई ढिगात खुपसून पाच मिनिटांनी काढायची, हाताला चटका बसला तर अजून कच्चं आहे. आणि मूठभर घेऊन नाकाजवळ नेलं की डोळ्यात पाणी येतं का बघ, येत असेल तर अमोनिया अजून निघतोय, थांबायचं. तयार खताला मातीचा वास येतो आणि तूस बोटाने चुरगळलं की मोडतं.

माती_तपासनीस
वरच्या दादांचा हिशोब बरोबर आहे. मी माती परीक्षणाच्या लॅबमधे काम केलंय त्यामुळे दोन-तीन गोष्टींची भर घालतो, कारण किती टाकायचं याच्याइतकंच कसं टाकायचं हे भातात महत्त्वाचं आहे, कापूस-मक्यापेक्षा जास्त.

भाताच्या खाचरात पाणी साचलेलं असतं तेव्हा चिखलाचे दोन थर होतात. वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस, त्याला पाण्यातून हवा मिळते. त्याच्याखाली करडा-निळसर, तिथे हवा नाहीच. कधी हाताने चिखल कापून बघा, रंगातला फरक डोळ्याने दिसतो. आपण युरिया वरून फेकतो तेव्हा तो वरच्या थरात आधी अमोनियम होतो, मग तिथे हवा आहे म्हणून नायट्रेट होतो, ते नायट्रेट पाण्याबरोबर खालच्या बिनहवेच्या थरात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. दुसरं नुकसान दुपारचं. पाण्यात शेवाळ असतं, उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू (पीएच) दुपारी ९ च्या वर जातो आणि अमोनिया सरळ उडून जातो. म्हणून भातात फेकलेल्या युरियातलं ३० ते ४० टक्केच नत्र पिकाच्या पोटात जातं. म्हणजे २६६ रुपये ५० पैशाच्या गोणीतले दीडशेच्या वर रुपये पाण्यात आणि हवेत.

सेंद्रिय खताचं नत्र चिखलात मिसळलेलं असतं आणि अमोनियम होऊन मातीच्या कणांना चिकटून राहतं, हळूहळू सुटतं, त्यामुळे त्याची अशी उधळण कमी होते. म्हणून सुरुवातीचा डोस खताकडून घ्यावा आणि युरिया पुढे पिकाला भूक लागेल तेव्हा द्यावा, हे भातात फार चांगलं जमतं. शिफारस ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटव्याला, २० टक्के लोंबी धरताना अशी असते, पण तुम्ही टनभर कोंबडीखत टाकताय तर लावणीचा युरिया पूर्ण बंद ठेवा. गोणीतला निम्म्याहून थोडा जास्त लावणीनंतर २५-३० दिवसांनी फुटवे येताना आणि उरलेला पोटरीच्या आधी, इंद्रायणीला ५५-६० दिवसांच्या आसपास. त्याच्यानंतर एक दाणाही नको, उशिरा दिलेल्या नत्रानेच मानमोडी आणि तुडतुडे ओढवतात.

युरिया देताना आधी खाचरातलं पाणी काढायचं, चिखल दिसला पायजे, मग सकाळी दव सुकल्यावर टाकायचा, जमलं तर कोळपं नाहीतर पायाने तुडवून मातीत घालायचा, आणि एक दिवसानंतर परत पाणी घ्यायचं. धो धो पावसात टाकायचा नाही, आणि बांधाची तोंडं बंद असली पायजेत.

कोंबडीखतात युरिया कालवून टाकू का असं विचारलंय, त्याला माझं स्पष्ट उत्तर 'नको' असं आहे. कोंबडीखतात युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) भरपूर असतं आणि खत अल्कधर्मी असतं, दोन्ही एकत्र केले की तासाभरात अमोनियाचा वास सुटतो, तो वास म्हणजे तुमचा युरियाच चाललाय. राखेत कालवला तरी तेच. उलट ढीग कुजत असताना त्यावर सिंगल सुपर फॉस्फेट शिंपडलं तर अमोनिया धरून ठेवला जातो, ते करण्यासारखं आहे, शेणखताच्या ढिगावर पण.

आणखी एक. ब्रॉयलरचं तुसावरचं खत आणि लेअरच्या (अंड्याच्या कोंबड्यांच्या) पिंजऱ्याखालचं खत यात फरक करा. लेअरच्या खतात तूस नसतं, नुसती विष्ठा, आणि त्या कोंबड्यांना शिंपल्याची भुकटी खायला घालतात म्हणून चुना बराच येतो. ज्या जमिनीचा सामू आधीच ८ च्या वर आहे तिथे लेअरचं खत वर्षानुवर्ष टाकू नये, जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं. म्हणून माती तपासून घ्याच. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून चालू आहे, जुनी असेल तर परत नमुना द्या, खत टाकायच्या आधी घ्या, टाकल्यावर घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही.

धडगाव_डोंगरकूस
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे वरती डोंगरउतारावर गावठी साळ लावतात, पाणी साचत नाही, खत म्हणजे शेळ्यांच्या लेंड्या आणि जंगलातला पालापाचोळा. पोतं कधी चढवलंच नाही एवढ्या वर, आणि माणसं जगली, तांदळाची चव तर अशी की खाली बाजारात मिळत नाही. मला वाटतं तुमच्या चुलतभावाचं म्हणणं पण ऐकून घ्या. पोत्याच्या नादात जमीन कडक होत चाललीय हे आम्ही खालच्या गावांत बघतोय, नांगराला ढेकळं निघतात, गांडूळ दिसत नाही. एका बाजूला खत टाकायचं आणि दुसऱ्या बाजूला युरियाने ते जाळायचं, त्यात काय फायदा.

माती_तपासनीस
दादा, तुमच्या साळीचं बरोबर आहे. तिची भूकच कमी आहे, उत्पन्नही कमी, डोंगराच्या जमिनीला आणि त्या वाणाला ते पुरतं, तिथे पोतं नकोच. पण इंद्रायणी वेगळ्या घरचं आहे, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळला तयार झालेलं, १९८७ सालचं. आयआर ८ चं रक्त आलं म्हणजे खाणं पण आलं. त्याच्याकडून एकरी १६-१८ क्विंटल भात पायजे असेल तर तेवढं नत्र फक्त शेणखतातून द्यायला एकरी वीस-चोवीस टन लागेल, एक बैलजोडी आणि एक गाय एवढं कुठून देणार.

युरिया खत जाळतो हे मात्र तितकं खरं नाही. देशात १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत, त्याच त्याच प्लॉटमधे दरवर्षी तेच खत, बराकपूर, पंतनगर, भुवनेश्वर अशा भातपट्ट्यातल्या ठिकाणी पण. नुसतं नत्र दिलेले प्लॉट कालांतराने खाली आले, नत्र-स्फुरद-पालाश तिन्ही दिलेले बरे राहिले, आणि तिन्हींबरोबर शेणखत पडलेले सगळ्यात वर टिकले, त्यांच्या मातीतला सेंद्रिय कर्ब पण वाढला. ढेकळं निघणारी जमीन तुम्ही बघितली ती खरी आहे, पण ती बहुतेक नुसता युरिया आणि शून्य शेणखत असलेली जमीन असणार. युरियाच्या जोडीला खत घातलं तर मुळं वाढतात, धसकटं जास्त राहतात, तीही जमिनीतच जातात.

धडगाव_डोंगरकूस
बरं, हे पटतं. खालच्या गावांत शेणखत आता कोणी टाकतच नाही, घरी ढोरंच नाहीत, हे खरं आहे. माझं एवढंच की ज्याच्याकडे आहे त्याने उकिरडा सोडू नये.

बांधावरची_गिरिपुष्प
सगळे दादा लोक ट्रॉलीचं बोलतायत, आमच्या खाचरापर्यंत ट्रॉली जातच नाही. आमची खाचरं टप्प्याटप्प्याची, वरच्या चार खाचरांत खत न्यायचं म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चढायचं, आणि ते काम कोण करतं, घरातल्या बाया. पावसाच्या तोंडावर दुसरी सगळी कामं असतात तेव्हा दोन-दोन टन खत डोक्यावर चढवणं होत नाही, म्हणून वरची खाचरं वर्षानुवर्ष नुसत्या युरियावर चालायची आणि तिथलाच भात पहिला पिवळा पडायचा.

आम्ही बचत गटातल्या बायांनी बांधावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया झाडाच्या) फांद्या खोचल्या. पाऊस लागला की ती फुटते, तिसऱ्या वर्षापासून भरपूर पाला येतो. लावणीच्या आठ-दहा दिवस आधी कोयत्याने कोवळ्या फांद्या छाटायच्या, खाचरातच पसरायच्या, काड्या कडक असतील तर पाला झोडून घ्यायचा आणि चिखलणीत तुडवायचा. वाहायचं काही नाही, खत तिथेच उगवतं तिथेच कुजतं. एकरी टन-दीड टन हिरवा पाला पडला तर वरून युरिया कमी लागतो. बकऱ्या ती फारशी खात नाहीत म्हणून राखायची पण कटकट नाही. ताग-धैंचा पण पेरता येतो पण त्याला पेरणी ते गाडणी सहा आठवडे लागतात, आमच्याकडे पाऊस लागला की रोपाचीच घाई असते, तेवढा वेळ मिळत नाही, पाण्याची सोय असेल त्यांनी करावा.

आणि दादा तुमच्या खाचरात कोंबडीखत टाकताय तर लावणीनंतर पंधरा दिवसांनी एक चूड (एकत्र लावलेल्या रोपांचा जुडगा) हळूच उपटून मुळं बघा. मुळं पांढरी किंवा तांबूस असतील तर ठीक. काळी पडली असतील आणि चिखलाला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर खत कच्चं होतं आणि पाणी कोंडलंय, लगेच बांध फोडून दोन-तीन दिवस खाचर सुकवायचं, बारीक भेगा पडू द्यायच्या, मग परत पाणी घ्यायचं. अशा वेळी पानं पिवळी दिसतात आणि माणूस घाबरून युरिया मारतो. त्याने काही होत नाही, मुळंच खात नाहीत तर वरून वाढून काय उपयोग. तुमच्या वडिलांना जो पिवळा भात आठवतो त्यातला काही तर असाच असणार, नत्र कमी म्हणून नाही.

केळी_पट्टा_रावेर
आम्ही केळीवाले, भाताचं आम्हाले काही कळत नाही, पण कोंबडीखताचं एक सांगतो. आपला भागमा बी लोक कच्चंच टाकतस, मग हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते. ढीग नीट कुजवूनच टाका. आणि खत वजनावर घ्या, ट्रॉलीवर नको, पाणी मारून वजन वाढवणारे पण असतात म्हणून मुठीत दाबून बघा, पाणी निथळलं नाही पायजे.

रंगावली_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं रात्री वडिलांना वाचून दाखवलं, डीएपी बंद करायला ते अजून तयार नाहीत पण मुळं उपटून बघायचं ताईंनी सांगितलेलं त्यांना एकदम पटलं, म्हणाले आमची आजी असंच बघायची.

आता दोन शंका राहिल्या. एक म्हणजे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, त्या गोळ्या. आमच्या गावात एक-दोघांनी लावल्या होत्या, मला त्या कोंबडीखताबरोबर चालतील का? दुकानात युरियाबरोबर दुसरं काहीतरी घ्यायला लावतात, लिंकिंगचा त्रास आहे, त्यापेक्षा गोळ्या गटाकडून मिळाल्या तर बरं. दुसरी म्हणजे मधल्या पानांवर गंजासारखे तांबडे ठिपके येतात लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, खालच्या खाचरात जास्त, ते कशाने?

पिंपळनेर_पश्चिम_पट्टा
गोळ्या चालतात, उलट हिशोब सोपा होतो. चारसूत्री भात लागवड म्हणतात तीच ही, डॉ. नारायण सावंतांनी सांगितलेली. तूस-पेंढ्यातून सिलिका, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि गोळी ही तिची चार सूत्रं. नियंत्रित म्हणजे १५ आणि २५ सेंटीमीटरच्या जोडओळीत चुडं लावायची आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधे एक गोळी बोटाने सात ते दहा सेंटीमीटर खोल दाबायची. गोळी २.७ ग्रॅमची, एकराला साधारण २५ हजार लागतात, वजनाने ६८ किलो. तेवढ्यात नत्र २३-२४ किलो आणि स्फुरद १२ किलो येतं. आता बघ, तुला राहिलेली गरज २५ होती ना, ती गोळीतच पूर्ण झाली. म्हणजे गोळी लावली की वरून युरियाची गोणी शून्य, फुटव्याला नाही आणि पोटरीला पण नाही. लोक इथेच घोळ करतात, गोळी पण लावतात आणि भात जरा फिका दिसला की युरिया पण फेकतात.

मजुरी लागते हे खरं आहे. पण लावणी ओळीत केलेली असेल तर दोन बाया मागे मागे गोळ्या लावत जातात. दोरी धरून लावणी करा, नाहीतर चार चुडांचा मध्य सापडत नाही. तुझ्याकडे स्फुरद कोंबडीखतातूनच पुरेसं आहे म्हणून नुसत्या युरियाच्या ब्रिकेट मिळाल्या तर त्या घे, नाही मिळाल्या तर युरिया-डीएपीच्या चालतील. डीएपी त्या गोळीतून जातोच आहे असं वडिलांना सांग, त्यांचं पण मन राहील.

माती_तपासनीस
गोळी खोल का लावायची ते वरच्या माझ्या पोस्टमधे आहेच, ती बिनहवेच्या थरात बसते, तिथे अमोनियम अमोनियमच राहतं, नायट्रेट होत नाही म्हणून उडत नाही आणि वाहून जात नाही. पण लावल्यावर खाचरात जास्त चालू नका, पायाने गोळी वर येते.

तांबड्या ठिपक्यांचं. तीन-चार आठवड्यांनी येणारे, पाणी साचणाऱ्या खाचरात जास्त, गंजासारखे, म्हणजे बहुतेक जस्ताची कमतरता, खैरा म्हणतात त्याला. रोपं खुरटी राहतात, फुटवे कमी, एकाच खाचरात कुठे कुठे ठिगळं पडल्यासारखं दिसतं. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट, एकरी १० किलो, शेवटच्या चिखलणीला टाका. स्फुरदाच्या खताबरोबर मिसळून टाकू नका, दोन्ही एकमेकांना बांधून ठेवतात. याचा तुमच्या कोंबडीखताशी थेट संबंध आहे, दरवर्षी टन-टन टाकत गेलात तर जमिनीत स्फुरद साठतं आणि जस्त आणखी दबतं. म्हणून कोंबडीखत एक वर्षाआड ठेवा, मधल्या वर्षी शेणखत आणि पाला.

उभ्या पिकात दिसलंच तर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुन्याची निवळी अशी फवारणी, चुना नाही घातला तर पान भाजतं. पण आधी मुळं बघा, ताईंनी सांगितलं तसं. मुळं काळी असतील तर पाणी काढणं हाच पहिला उपाय, फवारणी नंतर.

बांधावरची_गिरिपुष्प
एक राहिलं. रोपाच्या वाफ्यात कोंबडीखत अजिबात नको, कुजवलेलं असलं तरी. त्यात क्षार असतात, भिजलेलं बी आणि कोवळं रोप सहन करत नाही, टोकं करपतात. वाफ्याला जुनं शेणखत चाळून टाका आणि भट्टीवर तुसाची काळी राख मिळाली तर ती टाका, रोप कणखर होतं आणि उपटताना मुळं तुटत नाहीत.

आणि शेडमधे मर झालेली असेल तर तिथलं खत फुकट दिलं तरी घरी आणू नका. २००६ ला आणि परत २०२१ ला नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आपल्या भागात सगळ्यांनी बघितलंय. घरी चार गावठी कोंबड्या असतात, लेकरं ढिगावर खेळतात. खत भरताना तोंडाला रुमाल बांधा, हातात मोजे नसतील तर पिशवी बांधा, आणि ढीग विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब लावा, विहिरीच्या वरच्या अंगाला नको, उताराच्या खालच्या अंगाला, नाहीतर पहिल्या पावसात त्याचं पाणी विहिरीत उतरतं.

रंगावली_काठ
ताई ढीग नाल्याजवळच लावायचा विचार होता, खाचर तिथेच आहे म्हणून. आता घरामागच्या माळावर लावतो, वाहतूक एक खेप वाढेल पण चालेल. शेडवाल्याशी उद्या बोलतो, मागच्या लॉटमधे मर होती का ते आधी विचारतो. एका एकरात गोळ्या आणि दुसऱ्या एकरात एक गोणी युरिया दोनदा विभागून असं करायचं ठरलंय, कोंबडीखत दोन्हीकडे सारखंच. वडिलांना एका कोपऱ्यात पाच गुंठे त्यांच्या पद्धतीने डीएपीसकट करू देतो. मळणीला तिन्हींचं वजन वेगवेगळं करून इथेच टाकेन.

दोरीवर खुणा १५-२५ च्या करायच्या म्हणजे आधी १५, मग २५, परत १५ असंच ना? आणि दोन्ही दिशेला?

पिंपळनेर_पश्चिम_पट्टा
हो, दोन्ही दिशेला तसंच. नायलॉनची दोरी घे, सुती ओली झाली की आखडते आणि खुणा सरकतात. खुणेला लाल चिंधी बांध, चिखलात रंग दिसत नाही. जिथे १५-१५ चा छोटा चौकोन पडतो गोळी त्याच्या मधे, मोठ्या चौकोनात नाही.